आम्ल घातले : होय

कायद्याला जीभ असते ती बोलायला, चाखायला नव्हे. एखादं पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं, आणि तेवढ्यासाठी सरकारने आमची प्रयोगशाळा काढली होती. लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. नमुने धापा टाकत वर यायचे आणि अहवाल आरामात खाली जायचे. मी तिथला वरिष्ठ रसायनतज्ज्ञ. माझ्या सहीशिवाय त्या भागातलं कुठलंही पाणी चांगलं किंवा वाईट ठरू शकत नसे. घरी आमटीत मीठ किती पडलंय हेसुद्धा मला कुणी विचारत नव्हतं, पण तो वेगळा विषय झाला.

एका सोमवारी सकाळी शाळेतल्या गणिताच्या बाई तीन मजले चढून आल्या. वय चौऱ्याहत्तर. गणिताचं उत्तर बरोबर आणून पुढे लिटर की मीटर ते लिहायला मी विसरायचो, म्हणून त्या दर वेळी अर्धा गुण कापायच्या. त्यावरून वर्गात माझं नाव 'अर्ध्या' पडलं होतं. त्या नावाने हाक मारणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते माझ्या टेबलासमोर दम खात उभं होतं.

"अर्ध्या, ही सही तुझीच ना?"

"हो बाई. बसा ना. पाणी देऊ?"

"कुठलं?"

मी पाणी दिलं नाही.

त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले. एक आमचा अहवाल. नदीपलीकडच्या वस्तीत जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचा कारखाना आहे, त्याच्या नाल्याला लागून वस्तीची विहीर आहे, तिच्या पाण्याचा. लिटरमागे शिसं चार मायक्रोग्रॅम, मर्यादा दहा, अभिप्राय 'पिण्यास योग्य'. दुसरा कागद इस्पितळाचा. बाईंच्या नातीच्या रक्तातल्या शिशाचा. नात पाच वर्षांची, त्याच वस्तीत बाईंजवळ राहणारी.

"मागच्या वर्षी वीसपर्यंत आकडे म्हणायची," बाई म्हणाल्या. "आता सातला अडते. मला वाटलं चाळे करतेय. एकदा रागावलेसुद्धा."

"बाई, शिसं काय, रंगातून येऊ शकतं. भिंतीचे पोपडे असतात, खेळणी असतात..."

"वस्तीतल्या एकवीस पोरांचं रक्त तपासून घेतलंय. एकवीसजणं मिळून एकच खेळणं चाटत होती का रे?"

पाठ्यपुस्तकात यापुढचं उत्तर दिलेलं नव्हतं.

बाईंनी पर्यावरण न्यायाधिकरणात अर्ज केला होता. मागण्या दोनच: कारखान्याचा नाला बंद करा, आणि वस्तीला नळाचं पाणी द्या. नगरपालिकेचं म्हणणं असं की विहिरीचं पाणी योग्य असल्याचा अहवाल आहे, मग नळ कशाला? टँकरही कशाला? कारखान्याचं म्हणणं, अहवाल आहे ना, मग नाला का बंद करायचा? न्यायाधिकरणाचं म्हणणं, आम्ही विज्ञानाच्या आधारेच निकाल देऊ. सगळ्यांचं बोट फिरून फिरून माझ्या सहीवर येऊन थांबत होतं.

"दीड महिन्याने सुनावणी आहे," बाई उठत म्हणाल्या. "तुझं उत्तर पुन्हा एकदा तपासून बघ. शाळेत कधी बघितलं नाहीस, आता तरी बघ."

मी तपासलं. यंत्र तपासलं, यंत्र ठीक होतं. द्रावणं तपासली, ठीक होती. मग निव्वळ कंटाळ्यापोटी मी एक गोष्ट केली जी आमच्याकडे कुणी करत नाही. त्या विहिरीवरून आलेली बाटली वापरून रिकामी झाली होती आणि धुण्याच्या रांगेत उभी होती. तिच्यात थोडं आम्ल ओतून मी ती दिवसभर ठेवली आणि तिचं धुवण यंत्राला पाजलं. एरवी धुवण सरळ मोरीत जातं. खरकटं पाणी कोण तपासतं?

यंत्राने आकडा दाखवला. मी पुन्हा पाजलं. यंत्राने पुन्हा तोच दाखवला. बाटली रिकामी होती, शिसं मात्र घरीच होतं.

झालं होतं ते इतकं साधं होतं की एखाद्या हुशार विद्यार्थ्याने मला सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता. शिसं पाण्यात रमत नाही. लोचट पाहुण्यासारखं ते भांड्याच्या भिंतीला चिकटून बसतं. म्हणून नियम असा की नमुना घेतला की तिथल्या तिथे, विहिरीवरच, बाटलीत आम्लाचे थोडे थेंब टाकायचे. मग ते पाण्यातच राहतं. आम्ल नसलेली बाटली दोन-तीन दिवस प्रवास करून आली, की आम्ही तिच्यातलं पाणी ओतून घ्यायचो, ते तपासायचो, योग्य म्हणून सही करायचो, आणि भिंतीला चिकटलेलं शिसं आम्लाने स्वच्छ धुऊन मोरीत सोडायचो. धुण्याच्या बाबतीत आमची प्रयोगशाळा अतिशय काटेकोर होती.

मी नमुनेवाल्याला बोलावलं. नमुनेवाला म्हणजे जीपमधून गावोगाव फिरून पाणी भरून आणणारा आमचा माणूस. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली.

"काय हो, विहिरीवर बाटलीत आम्ल घालता ना?"

त्याने दाराकडे पाहिलं. "साहेब, खरं सांगू की फॉर्मवरचं सांगू?"

"खरं."

"नाही घालत."

"कधीपासून?"

"तीन पँटी झाल्यापासून." तो खुर्ची ओढून बसला. "जीप उडते, साहेब. आम्लाची कुपी मांडीवर सांडते. पहिली पँट गेली, म्हटलं जाऊ दे. दुसरी गेली. तिसरीला बायको म्हणाली, चौथी जाळून आलात तर घरात घेणार नाही. म्हटलं, पँट काढून ठेवतो मग. म्हणाली, तसे आलात तरी घेणार नाही."

"अ‍ॅप्रन मागायचा होता."

"मागितला की. नऊ वर्षं झाली. तुमचीच शिफारस आहे अर्जावर."

होती. 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' असं मी लिहिलं होतं. या वाक्याने आजवर कुणाचीही पँट वाचलेली नाही.

"निदान इथे आल्यावर तरी बाटलीत घालायचं!"

"इथे तुम्ही लोक भांड्यात ओतून घेतल्यावर घालताच की. म्हटलं, दोनदा कशाला?"

त्याला दोष देणं मला आवडलं असतं. पण प्रत्येक नमुन्याबरोबर एक फॉर्म येतो, आणि त्यावर एक ओळ आहे, 'आम्ल घातले : होय'. ही ओळ लिहावी लागत नाही. ती छापलेलीच आहे. नियमाप्रमाणे 'नाही' असं उत्तर असूच शकत नाही, म्हणून कुणा काटकसरी अधिकाऱ्याने 'होय' छापूनच घेतलं होतं. त्याच्या खाली माझी सही. दर तीन महिन्यांनी एक, अकरा वर्षं, असे त्या एका विहिरीचे चव्वेचाळीस फॉर्म. एकाही वेळी मी बाटली उघडून विचारलं नव्हतं, काय गं, घातलं का?

मी न्यायाधिकरणाला कळवून नवा नमुना घेतला. या वेळी स्वतः गेलो. विहिरीवर कारखान्याचा माणूस होता, बाई होत्या, आणि कॅन भरायला आलेली अर्धी वस्ती. विहिरीवर मोटर आहे, टाकीला चार नळ आहेत. मी बाटलीत थेंब टाकत होतो आणि नमुनेवाला माझ्या पँटकडे काळजीने बघत होता. एक भोक पडलंच.

आकडा आला एकसष्ट. मर्यादा दहा. मी तीनदा तपासलं. एकसष्ट, साठ, एकसष्ट.

आमचे संचालक साहेब अहवाल वाचून खूश झाले. खूश झाले की ते चष्मा पुसतात. "उत्तम. केस खिशात आहे. फक्त मागचं उकरू नका."

"मागचं उकरल्याशिवाय कसं, साहेब? आधी चार होतं."

"मग वाढलं. वाढतं की! सगळंच वाढतं."

"वाढलं नाही. आत्ता दिसलं."

"तुम्हाला दिसलं. लोकांना वाढलेलं दिसू द्या." चष्मा नाकावर चढवून त्यांनी आवाज खाली आणला. "अहो, आपल्याकडे काय आहे? पोलीस नाहीत, तुरुंग नाही. लोक आपल्यावर विश्वास ठेवतात, एवढंच आहे. आपण चुकलो हे एकदा कळलं की आपलं बरोबरसुद्धा कुणी ऐकणार नाही."

मी हे बाईंच्या कानावर घातलं. मला वाटलं होतं, त्या उसळतील. छडीची सवय गेली असली तरी हात तोच होता. बाई नातीची वेणी घालत होत्या. नात माझ्याकडे बघत होती, तोंडाने काहीतरी पुटपुटत.

"मग सांग की वाढलं म्हणून," बाई म्हणाल्या.

"बाई! तुम्ही सांगताय खोटं बोल?"

"पस्तीस वर्षं सांगितलं खोटं बोलू नका. तेव्हा ही नव्हती." त्यांनी रिबिनीची गाठ मारली. "आणि सांगून तरी काय झालं? पोरं बोलायचीच. तू नाही का सांगायचास, वही घरी राहिली?"

सुनावणीचं दालन थंडगार होतं. उंच टेबलामागे अध्यक्ष. त्यांच्या शेजारची खुर्ची विज्ञान जाणणाऱ्या तज्ज्ञ सदस्याची. ती दोन वर्षं भरलेली नव्हती, म्हणून तिच्यावर फायली बसवल्या होत्या. फायली गप्प असत आणि कधीच झोपत नसत, त्यामुळे कामकाज सुरळीत चाललं होतं.

कारखान्याचे वकील मृदू आवाजाचे गृहस्थ होते. कुणाच्या तरी लग्नात भेटले असते तर मी त्यांना माझ्या मधुमेहाबद्दल सांगितलं असतं.

"अर्जदार बाई आपल्या शिक्षिका होत्या म्हणे?"

"हो. गणिताच्या."

"त्यांनी आपल्याला कधी जास्त गुण दिले?"

"अर्धा कमीच दिला."

दालनात थोडं हसू फुटलं. अध्यक्षही हसले. वकिलांनी हसू विरू दिलं आणि फॉर्म जोडलेल्या चव्वेचाळीस अहवालांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

"सह्या आपल्याच?"

"माझ्याच."

"या सगळ्यांत शिसं मर्यादेच्या आत. हे अहवाल बरोबर होते का? फक्त हो किंवा नाही."

मी समोर पाहिलं. संचालक साहेब चष्मा पुसत होते, पण या वेळी खुशीने नव्हे. पहिल्या बाकावर बाई. त्यांचे ओठ हलत होते. पाढे न येणाऱ्या पोराला शाळातपासनीसासमोर उत्तर सुचवावं, तसे. 'हो' म्हण, हो.

"नाही," मी म्हणालो.

मला सत्याचा उमाळा आला होता अशातला भाग नाही. अकरा वर्षं मी चुकीच्या आकड्यांखाली सही केली, पण नकळत. कळून करायची सवय नव्हती, आणि पन्नाशीनंतर नव्या सवयी लागत नाहीत. एवढंच.

मग मी सगळं सांगितलं. भिंतीला चिकटणारं शिसं, जीप, पँटी. लघुलेखकाने 'पँटी' हा शब्द पुन्हा विचारून घेतला.

"म्हणजे चव्वेचाळीस वेळा आपण चुकलात," वकील म्हणाले. "आणि पंचेचाळिसाव्या वेळी बरोबर?"

"हो. या वेळी आम्ल घातलं होतं."

"कशावरून?"

"मी स्वतः घातलं. तुमचा माणूस समोर होता."

"त्याने आपल्याला बाटलीत काहीतरी रंगहीन टाकताना पाहिलं. ते काय होतं हे त्याला कसं कळावं? लेखी काही आहे?"

"फॉर्मवर आहे."

"वाचता का?"

मी फॉर्म हातात घेतला. पुढे काय येणार हे मला दिसत होतं, पण वाचायला सांगितलं की वाचावं लागतं. "आम्ल घातले, होय."

"आणि या चव्वेचाळीस फॉर्मवर काय लिहिलंय?"

"तेच."

वकील खाली बसले. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात ते पाण्याच्या यंत्रापाशी भेटले. ग्लास भरला आणि आधी मला दिला. खरोखरच सज्जन माणूस.

"वाईट वाटून घेऊ नका. 'हो' म्हणाला असतात तरी फरक पडला नसता." त्यांनी फायलीतून एक कागद काढला. त्यावर मधोमध रेघ, दोन रकाने. उजवीकडचे प्रश्न मला विचारून झाले होते. डावीकडचे तसेच होते. "आधीचे अहवाल बरोबर असतील तर शिसं गेल्या तीन महिन्यांत आलं. कारखाना वीस वर्षांचा आहे, गेल्या वर्षीपासून तर निम्म्यानेच चालतोय. मग नवं शिसं आमचं कसं?"

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते ठाऊक होतं. आडही त्यांचाच आणि विहिरीतलं पाणीही त्यांनीच बिघडवलेलं, हे नवीन होतं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. "शिसं आहे की नाही?"

"आहे हो," ते म्हणाले. "तुमचा शेवटचा अहवाल मी मुलाला दाखवला, तो रसायनशास्त्रच शिकतो. म्हणाला, चोख काम आहे."

निकाल तीन आठवड्यांनी लागला. बावीस पानं. त्यातली सात विज्ञानाच्या थोरवीवर होती. कायद्याची इमारत विज्ञानाच्या पायावर उभी असल्यामुळे पायात शंकेची एकही वीट चालणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. सबब आमचे सर्व अहवाल, जुने चव्वेचाळीस आणि नवा एक, सारख्याच न्यायाने बाद. आमच्या प्रयोगशाळेची मान्यता चौकशी होईपर्यंत स्थगित. पाण्याचा फैसला नव्या, निर्दोष अहवालावर होईल, आणि तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच हवा. या भागात मान्यताप्राप्त प्रयोगशाळा एकच होती, ती म्हणजे आमची. तोवर परिस्थिती जैसे थे. विहीर अयोग्य असल्याचा कुठलाही ग्राह्य पुरावा समोर नसल्याने नगरपालिकेला नळाचा किंवा टँकरचा आदेश देता येत नाही.

मुद्देसूद निकाल होता. मी चूक शोधायचा प्रयत्न केला, सापडली नाही.

बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वरच्या न्यायालयात जाता येईल," मी म्हणालो.

"किती दिवस?"

"तीन वर्षं. चार."

"ती नऊ वर्षांची होईल." त्यांनी पिशवी मांडीवर सरळ केली. "ते असू दे. तोवर पाण्याचं काय करू ते सांग. बाटल्यांचं पाणी एका घराला पुरवीन मी कसंतरी. वस्तीला काय सांगू? उकळून प्या म्हणू?"

"नको बाई. उकळून शिसं जात नाही. पाणी उडून जातं, शिसं मागे राहतं. उलट वाढतं."

समोर शिपाई खुर्च्या आत नेत होता.

"ती आजारी पडल्यापासून मी तिला उकळूनच देतेय," त्या म्हणाल्या. "चांगलं वीस मिनिटं. निम्मं होईपर्यंत."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तुम्हाला काय माहीत." आणि ते वाक्य बोलायचा हक्क मला नव्हता, कारण माहीत असणं हे माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीत गेलो. मान्यता नव्हती, कचेरीत करण्यासारखं काही नव्हतं. म्हटलं, कायद्याला सांगता येत नसेल तर माणसांना सांगू. न्यायाधिकरणाला ग्राह्य पुरावा लागतो, माणसाला कशाला लागेल? चार नळांवर गर्दी होती. कॅन, बादल्या, कडेवर पोरं. मी टाकीच्या कट्ट्यावर उभा राहिलो आणि सांगितलं की हे पाणी पिऊ नका, यात शिसं आहे, मर्यादेच्या सहापट, आणि उकळूनही जात नाही. पोरांना तर अजिबात देऊ नका.

बायका थांबल्या. पुढच्या नळावर एक तरुण बाई होती, कडेवर तान्हं. तिने नळ बंद केला. मला क्षणभर बरं वाटलं.

"कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"मी तपासलंय. मी सरकारी रसायनतज्ज्ञ आहे."

"म्हणजे ते पालिकेत पाटीवर कागद लावतात, 'पिण्यास योग्य', खाली सही असते, ते तुम्हीच का?"

"हो. पण ते चुकीचे होते. आताचं बरोबर आहे."

"अकरा वर्षं चुकीचं?"

"हो."

"आणि न्यायाधिकरणाने आताचंही चुकीचं म्हटलं म्हणे. आजच्या पेपरात होतं."

"त्यांनी चुकीचं नाही म्हटलं, त्यांनी... ते वेगळं आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. नजरेत राग नव्हता, टिंगलही नव्हती. बाजारात दोन वजनकाटे वेगवेगळं वजन दाखवायला लागले की गिऱ्हाईक जसं बघतं, तशी बघत होती. मागून एकजण म्हणाली, "अगं, आवर की, मला कामावर जायचंय."

"दादा," ती शेवटी म्हणाली, "दुसरं पाणी आणलंय का?"

मी पाणी आणलेलं नव्हतं.

"मग?" ती म्हणाली. तान्हं तिने दुसऱ्या कडेवर घेतलं, कॅन सरळ केला आणि नळ सोडला.